लिननचा सदरा, लोकरीचा झगा : मध्ययुगीन स्त्रीवेशाच्या अभ्यासाची प्रस्तावना

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला हेर्योल्फ्सनेस नावाची जागा आहे. नॉर्वे आणि आइसलंडकडून आलेल्या शेतकऱ्यांची तिथे मध्ययुगात वस्ती होती. त्यांचं एक चर्च होतं आणि चर्चला लागून कबरस्तान. समुद्र किनारा कापत कापत आत आला आणि कबरी उघड्या पडू लागल्या. 1921 साली डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातर्फे पाउल न्योर्लुंड तिथे उत्खननाला गेला, तेव्हा हाडांची पार माती झालेली होती, पण कपडे शाबूत होते. त्या मुलखात लाकडाची कायमची वानवा, त्यामुळे शवपेटी थोड्यांच्याच नशिबी. बाकीच्यांना घरातल्या जुन्या झग्यांत, टोप्यांत गुंडाळून पुरलेलं. गोठलेल्या मातीने लोकर जपून ठेवली. मधल्या शतकांत झुडपांची मुळं कापडातून आरपार गेलेली, रंग चहाच्या चोथ्यासारखा झालेला, तरी शिवण अन् शिवण मोजता येत होती. बहुतेक कपडे चौदाव्या शतकातले, काही पंधराव्याच्या सुरुवातीचे. ग्रीनलंडच्या या वस्तीबद्दलची शेवटची लेखी नोंद 1408 सालच्या एका लग्नाची आहे. ह्वाल्सेच्या चर्चमध्ये सिग्रिद ब्यॉर्न्सदोत्तिर नावाच्या बाईचं ते लग्न. म्हणजे हे कपडे तिच्या आणि तिच्या आई-आजीच्या पिढ्यांचे.

युरोपभरच्या संग्रहालयांत मध्ययुगीन रेशमाचे तुकडे पुष्कळ आहेत, कारण चर्चनं ते पवित्र वस्तूंभोवती गुंडाळून जपले. पण साध्या शेतकरी घरातला अख्खा झगा, गळ्यापासून घेरापर्यंत, ही फार दुर्मीळ गोष्ट. न्योर्लुंडने 1924 साली आपला अहवाल छापला. 2004 साली एल्से ओस्टरगोर यांनी तेच कपडे धाग्या-धाग्याने पुन्हा तपासून पुस्तक लिहिलं आणि 2011 मध्ये त्यांच्याच सहभागाने कापणीचे आराखडे देणारं दुसरं पुस्तक आलं. तेव्हापासून चौदाव्या शतकातला झगा शिवायला बसणाऱ्या बाईच्या टेबलावर बहुधा या कबरस्तानातल्याच कुठल्यातरी झग्याचा आराखडा पसरलेला असतो.

असे झगे शिवून ते अंगावर घालणाऱ्या, घालून स्वयंपाक करणाऱ्या, सूत कातणाऱ्या, मेळ्यांत हिंडणाऱ्या लोकांचं हे क्षेत्र आहे. इंग्रजीत त्याला रीएनॅक्टमेंट म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळतो आहे. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये काही तरुण मंडळींनी अंगणात मध्ययुगीन स्पर्धा भरवली, त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्ब्यू शहरात 1984 पासून मध्ययुग सप्ताह भरतो आणि तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांमधून झगे-टोप्यांतली माणसं हिंडतात. डेन्मार्कमध्ये लायरे इथे 1964 पासून प्रयोगातून पुरातत्त्व अभ्यासण्याचं केंद्र चालू आहे. तिथे मागही चालवून बघतात आणि भट्टीही पेटवून बघतात. हौशी मंडळी, संग्रहालयातले तज्ज्ञ आणि विद्यापीठातले संशोधक यांच्यातली भिंत या विषयात पातळ आहे. 2005 पासून रॉबिन नेदर्टन आणि गेल ओवेन-क्रोकर यांनी संपादित केलेलं मध्ययुगीन वस्त्रांवरचं वार्षिक निघू लागलं, त्यातही ही सरमिसळ दिसते.

आपल्याला इतिहासातले कपडे भेटतात ते बहुधा टीव्हीवर. मालिकेतली राणी पहाटे उठते तीही जरीकाठात आणि रणांगणावर जाते तीही जरीकाठात, आणि ती जर पॉलिएस्टरची असते हे पडद्यावरूनही कळतं. युरोपच्या मध्ययुगाबद्दलच्या चित्रपटांचं यापेक्षा बरं नाही. पुढून दोरीने आवळलेली चोळी, मोकळे सोडलेले केस, लांब लोंबत्या बाह्या, आणि सगळं मखमलीचं. अशा वेशाला मी नावं ठेवत नाही, मेळ्यात तो शोभतो. पण या अभ्यासात येऊ पाहणाऱ्या वाचकाला पहिल्याच पानावर सांगायला हवं की सुरुवात तिथून करू नका. राणीपासूनही करू नका. उप्साला कॅथीड्रलमध्ये मार्गारेटा राणीचा म्हणून ओळखला जाणारा सोनेरी किनखापाचा झगा आहे, बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठात 1244 साली वारलेल्या लिओनोर राणीचा पोशाख आहे. दोन्ही डोळे दिपवणारे. तरी आरंभ करायचा तो अंगालगतच्या पांढऱ्या सदऱ्यापासून, आणि करायचा तो स्वतः पाणी भरणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बाईच्या सदऱ्यापासून. वरचा झगा कसा बसतो हे आतला सदरा ठरवतो, आणि आतला सदरा कसा कापायचा हे कापड किती मिळालं यावर ठरतं. हा क्रम उलटा केला की वेश चित्रासारखा दिसतो आणि कामाला उपयोगी पडत नाही.

पुरावा तीन ठिकाणांहून येतो. एक प्रत्यक्ष कापड, दुसरं चित्रं आणि शिल्पं, तिसरं कागदपत्रं. तिघांनाही आपापली खोड आहे.

कापडाची खोड मातीत आहे. आम्लधर्मी ओल्या जमिनीत लोकर आणि रेशीम टिकतं, लिनन विरघळून जातं. चुनखडीच्या जमिनीत उलटा प्रकार. त्यामुळे उत्तरेकडच्या उत्खननांत बाईचा लोकरीचा झगा सापडतो आणि त्याच्या आतला सदरा सापडत नाही. पाहणाऱ्याला वाटावं की या बायका उघड्या अंगावर खरखरीत लोकर घालत होत्या! शिवाय कबरीतला झगा ज्याच्या अंगावर सापडला त्याचाच होता असंही नसतं. कफन म्हणून घरात जे जुनं होतं ते वापरलं. म्हणून हेर्योल्फ्सनेसच्या झग्यांपैकी बायकांचे कुठले आणि पुरुषांचे कुठले यावर अभ्यासक जपूनच बोलतात.

मातीच्या या पक्षपातातून अधूनमधून सुटका होते ती कचऱ्यामुळे. लंडनमध्ये थेम्सच्या काठी बेनर्ड्स कॅसलजवळची जुनी गोदी चौदाव्या शतकात कचरा टाकून बुजवली गेली. 1970 च्या दशकात ती खणली तेव्हा शिंप्यांच्या कापणीतले तुकडे, बटणांसकट बाह्या, चिंध्या असा ऐवज निघाला. क्रोफुट, प्रिचर्ड आणि स्टॅनिलंड या तिघींनी त्यावर लिहिलेला 1992 सालचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे. दुसरा कचरा ऑस्ट्रियातला. पूर्व टिरोलमधल्या लेंगबर्ग किल्ल्याचं 2008 मध्ये दुरुस्तीचं काम चाललं होतं. एका खोलीच्या जमिनीखाली भराव म्हणून टाकलेल्या कोरड्या केरात कापडाचे 2,700 हून अधिक तुकडे मिळाले. त्यांत लिननच्या चार चोळ्या होत्या, दोन स्वतंत्र वाट्या असलेल्या, आजच्या ब्रेसियरच्या जवळ जाणाऱ्या. कार्बन कालमापनाने त्या पंधराव्या शतकातल्या ठरल्या. इन्सब्रुक विद्यापीठाच्या बेआट्रिक्स नुट्झ यांनी 2012 साली ही बातमी जगापुढे आणली, तेव्हा वर्तमानपत्रांना गंमत वाटली. पण शिवणाऱ्या मंडळींना एका जुन्या कोड्याची किल्ली मिळाली. चित्रांतल्या बायकांचा बांधा असा उचललेला कसा दिसतो, हे कोडं. उत्तर झग्याच्या आतल्या थरात होतं.

चित्रांची खोड अशी की ती कुणाच्या तरी पैशातून काढलेली असतात. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या जेफ्री लट्रेल या जमीनदारासाठी 1325 ते 1340 च्या सुमारास एक स्तोत्रग्रंथ चितारला गेला. तो आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या समासांत बायका कापणी करतात, मेंढ्या दोहतात, चरख्यावर कातणारी आहे, लोकर विंचरणारी आहे. एक बाई काखेत कातणीची काठी धरून कोंबड्यांना दाणे टाकते आहे. कापणीच्या चित्रात विळा चालवून वाकलेली पाठ ताठ करणारी बाई आहे, ती बघून आपल्या शेतातल्या कुठल्याही बाईला हसू येईल. पण सगळ्यांचे कपडे स्वच्छ, रंग झळझळीत, कुठे ठिगळ नाही. मालकाला आपली माणसं अशीच बघायला आवडत असणार. म्हणून चित्रातून झग्याचा आकार घ्यावा, पदर कुठे खोचला ते घ्यावं, रंगावर मात्र पुरता विश्वास ठेवू नये.

आणि कागदपत्रं बोलतात ती बहुधा मनाई करण्यासाठी. 1363 साली इंग्लंडच्या संसदेने कोणी काय ल्यावं याचा कायदा केला. कारागीर आणि छोट्या शेतमालकांच्या बायका-मुलींनी रेशमी ओढणी घेऊ नये, देशात कातलेल्या सुताचीच घ्यावी. फर लावायचंच तर कोकराचं, सशाचं, मांजराचं किंवा कोल्ह्याचं, याहून भारी नको. गाडीवान, नांगरे, गुराखी यांनी एका यार्डाला बारा पेन्सपर्यंतचं जाडंभरडं कापड वापरावं. दीडेक वर्षात हा कायदा मागेच घ्यावा लागला. पण मनाईचा अर्थ शिवणारीने बरोबर उलटा लावावा : कारागिराची बायको रेशमी ओढणी घेऊन बाजारात मिरवत होती, म्हणूनच कुणाच्या तरी डोळ्यांत ती खुपली.

आता कापडाकडे. आपण सुती कापडाच्या देशातले, त्यामुळे लोकर म्हटलं की स्वेटर डोळ्यांसमोर येतो. मध्ययुगीन झग्याची लोकर विणलेली नसते, मागावर ताणा-बाणा घालून काढलेली असते, आणि मागावरून उतरल्यावर तिचं खरं आयुष्य सुरू होतं. ओलं कापड तुडवतात, आधी पायांनी आणि पुढे पाणचक्कीच्या हातोड्यांनी. त्यात मुलतानी मातीसारखी चिकणमाती किंवा शिळं मूत्र घालतात. धागे एकमेकांत गुंततात, कापड आकसतं, दाट होतं. मग काटेरी बोंडांनी त्याची लव उभी करायची आणि मोठ्या कात्रीने ती समान छाटायची. असं कापड कापलं तर कडेचे धागे सुटत नाहीत. यातून शिवणीची अर्धी गणितं बदलतात. कड दुमडण्याची सक्ती राहत नाही, आणि टोपीच्या कडेला पानांसारखी कातरलेली झालर ठेवली तरी ती उसवत नाही. बाजारातली पातळ सूटिंगची लोकर घेऊन तीच झालर कापली तर पहिल्या धुण्यात झिरमिळ्या निघतात.

रुंदीही महत्त्वाची. 1215 सालच्या मॅग्ना कार्टात, राजा आणि सरदारांच्या त्या करारात, एक कलम चक्क कापडाच्या पन्ह्याचं आहे : काठापासून काठापर्यंत दोन एल (एल हे कापड मोजण्याचं जुनं माप). राज्यकारभाराच्या सनदेत पन्हा यावा, यावरून कापडाची किंमत कळते. एवढा रुंद माग चालवायला दोन विणकर शेजारी शेजारी बसत. त्याआधी सगळं सूत कातून हवं. आपल्याकडे ज्यांनी शाळेत टकळीवर सूत काढलं आहे त्यांना एका झग्याला लागणाऱ्या सुताचा अंदाज मी सांगायला नको. चरखा आशियाकडून युरोपात पोचला तो तेराव्या शतकाच्या सुमारास, आणि तिथेही टकळी काही लगेच अडगळीत गेली नाही, कारण ती चालता चालता, गुरं राखता राखता चालवता येते.

लिनन येतं जवसाच्या झाडापासून. आपल्या विदर्भातलं जवसही त्याच जातीचं, फक्त आपण ते तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो, आणि धाग्यासाठी उंच वाढणारे वाण वेगळे. रंगांतही ओळखीची माणसं भेटतात. लाल रंग मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचा. निळा रंग वोड नावाच्या पालेदार झाडाचा, पण त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. पिवळा वेल्ड नावाच्या झाडाचा, आणि निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. स्कँडिनेव्हियात दगडफुलाच्या जातकुळीतल्या खडकावरच्या वाढीपासून जांभळा रंग काढत, तोही शिळ्या मूत्रात कुजवून. गोडा मसाला भाजताना हे आठवलं नाही तरी चालेल. ग्रीनलंडमध्ये बऱ्याचदा रंगवण्याच्या भानगडीत न पडता ताण्याला गडद लोकर आणि बाण्याला फिकट लोकर घालून काम भागवलेलं दिसतं.

कापणी हा या विषयाचा गाभा, आणि इथेच नवशिक्या बाईचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आजचं शिंपीकाम कापडातून शरीराचा आकार कोरून काढतं आणि उरलेलं फेकून देतं. मध्ययुगीन सदऱ्यात फेकण्यासारखं काही उरत नाही. पुढचा-मागचा भाग म्हणून एक लांब आयत, बाह्यांना दोन आयत, काखेत चौकोनी तुकडे, आणि घेर वाढवायला खालून बसवलेल्या त्रिकोणी कळ्या. एक आयत तिरका कापला की दोन कळ्या मिळतात, त्या उलटसुलट ठेवून शिवायच्या. कळीदार कुर्ता शिवणाऱ्या कुठल्याही शिंप्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हेर्योल्फ्सनेसचे झगे याच तत्त्वाची पुढची पायरी आहेत. पुढे मधोमध कळी, मागे मधोमध कळी, आणि दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत रुंदावत जाणाऱ्या पट्ट्या. कमरेला शिवण नाही. झगा खांद्यावरून लोंबतो, छातीला आणि कमरेला या पट्ट्यांच्या वळणाने बसतो आणि खाली ऐसपैस सुटतो. अशा झग्यात मांडी घालून बसता येतं, ढांगा टाकता येतात.

बाही जरा जवळून पाहू. आजच्या तयार कपड्यात बाहीची शिवण काखेतून खाली जाते आणि खांद्यावरचा डोंगर दोन्हीकडे सारखा असतो. म्हणून हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो. चौदाव्या शतकातल्या कित्येक बाह्यांची शिवण दंडाच्या मागच्या बाजूने, कोपरावरून जाते. बाहीचा वरचा आकार एकीकडे फुगीर, दुसरीकडे खोलगट असतो, आणि खांद्याच्या पाठीकडच्या बाजूला एक लहान त्रिकोणी तुकडा घातलेला असतो. कागदावर हा आकार इतका वेडावाकडा दिसतो की आराखडा चुकला असं वाटावं. शिवून घातल्यावर कळतं : दोन्ही हात डोक्यावर नेले तरी घेर जागचा हलत नाही. घट्ट बाही आणि मोकळा हात यांचा मेळ त्या काळच्या शिंप्याने असा घातला होता. सारा थर्सफील्ड यांच्या 2001 सालच्या शिवण-मार्गदर्शकात या बाह्या आणि अंगावरच कापड लावून झगा बेतण्याची रीत सोपी करून सांगितली आहे. नवशिक्यांनी पहिलं पुस्तक तेच घ्यावं असं माझं मत.

मनगटापासून कोपरापर्यंत बाही बंद होते ती बटणांनी. बटण त्याच झग्याच्या कापडाचं. लहान गोल तुकडा घ्यायचा, कडेने धावदोरा घालायचा, दोरा ओढत ओढत कड आत कोंबायची, आणि खालून उलटसुलट टाके घेत ते वाटाण्याएवढं, कडक होईपर्यंत आवळायचं. आजचं बटण आपण कडेपासून बोटभर आत लावतो. लंडनच्या कचऱ्यातल्या बाहीवर ते अगदी कडेवर बसवलेलं आहे, आणि काजंही समोरच्या कडेला जवळजवळ टेकलेली. काजांच्या मागे रेशमाची बारीक पट्टी शिवली आहे, कारण लोकर ताणून भोक सैल होऊ नये. वर कडेला पत्त्यांसारख्या चौकोनी पाट्यांवर विणलेली अरुंद काठपट्टी शिवणीबरोबरच चढवली आहे. एवढं काम अशा जागी, जिथे कुणी मुद्दाम बघणार नाही.

झगा दोरीने बांधायचा असला तर एकच दोरी नागमोडी, एका बाजूच्या भोकातून दुसऱ्या बाजूच्या भोकात चढत जाते. बुटाच्या नाडीसारखी फुली नसते, आणि म्हणून दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नसून किंचित मागेपुढे असतात. भोकं दोऱ्याने विणून घट्ट केलेली असावीत. धातूच्या रिंगा ठोकलेली भोकं एकोणिसाव्या शतकातली. कुठल्याही मेळ्यात जाणकार बायकांची नजर सगळ्यात आधी या रिंगांवर पडते.

मोज्यांबद्दल थोडक्यात. ते विणलेले नसून उरेब कापडातून कापून शिवलेले असतात, कारण उरेब कापड ताण खातं. बाया ते गुडघ्याखाली पट्टीने बांधत. जोडे उलटे शिवून मग सुलटे केलेले, पातळ तळाचे. फरसबंदी नसलेल्या गल्लीत चिखल असला की खाली लाकडी खडावा.

डोक्यावर काय, हा प्रश्न मात्र टाळून चालत नाही. प्रौढ, लग्न झालेल्या बाईचे केस झाकलेले असत. चित्रांत दिसणारी ओढणी एवढी नीट कशी बसते याचं उत्तर एका साध्या टोपीत सापडतं. नेदरलँड्समधल्या उडेन इथे संत बिर्गिट्टाची म्हणून जपलेली लिननची टोपी आहे. बिर्गिट्टा 1373 साली वारली. टोपीचे दोन भाग मधोमध जाळीदार भरतकामाने जोडलेले, मानेशी चुण्या, आणि कडेची पट्टी मागे लांब फासासारखी वाढवलेली. केसांच्या वेण्या डोक्याभोवती गुंडाळायच्या, टोपी चढवायची, फास मानेपाशी एकदा पिळून डोक्यावरून पुढे आणायचा. घट्ट बसते, केस आत राहतात. आता ओढणीची टाचणी केसांत न खोवता टोपीच्या लिननमध्ये खोवायची. रेशमी पातळाचा पदर खांद्यावर टाचणाऱ्या बाईला या युक्तीचा फायदा लगेच कळेल. दिवसभर वाकलं, उठलं, वारा आला तरी ओढणी जागची हलत नाही. टोपीशिवाय ओढणी घेतली की दर दहा मिनिटांनी हात डोक्याकडे जातो, आणि तो हात बघूनच कळतं की हिने आतला थर गाळला आहे.

अंगावर घातल्यावर समजणाऱ्या अशा गोष्टी पुष्कळ आहेत. लिननचा सदरा घाम शोषतो आणि धुतला जातो, म्हणून लोकरीचा झगा क्वचितच धुवावा लागतो. ठिणगी उडाली तर लोकर पेट घेत नाही, करपून विझते, तेव्हा चुलीपाशी वाकणाऱ्या बाईला पॉलिएस्टरचा झगा धोक्याचा. घेर चिखलातून वाचवायला पुढचा भाग उचलून कमरपट्ट्यात खोचतात. लट्रेल ग्रंथातल्या बाया तो खोचतात तसाच, आणि खोचल्यावर आतल्या झग्याचा वेगळा रंग दिसतो.

पुण्या-मुंबईत, नागपुरात बसून हे करावं का, असं कुणी विचारेल. उन्हाळ्यात लोकरीचा झगा घालून पर्वती चढा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण वेशभूषेचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. गो. स. घुर्ये यांनी 1951 साली भारतीय वेशभूषेवर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि मोतीचंद्रांसारखा विद्वान मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात बसून प्राचीन पेहरावावर लिहीत होता. दोघांचा भर शिल्पं, चित्रं आणि ग्रंथ यांवर होता. शिवून, नेसून, त्यात काम करून तपासण्याची रीत ज्यांना शिकायची आहे त्यांना ती या युरोपीय क्षेत्रात तयार मिळते, आणि उद्या ती देवगिरीच्या काळातल्या शिल्पांना किंवा पेशवाईतल्या बखरींना लावता येईल. शिवाय लंडन, कोपनहेगन, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी बायका आता या मंडळांत दिसतात. मुलांबरोबर मेळ्याला जातात, हौस म्हणून पहिला झगा शिवतात आणि मग अडकतात. त्यांच्यापैकी काहींनी मला विचारलं आहे की हे आपलं नाही, तर आपण घालावं का. साडी बेतशीर नेसता येणाऱ्या बाईला कापडाचा पोत, भार आणि झोल हातांनी कळतो. ही या क्षेत्रात लागणारी पहिली विद्या आहे आणि ती कुणाच्याही आजीकडून शिकलेली चालते.

लोकर मिळवणं इथे अवघड. धनगरांची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खड्डामागावर अरुंद पट्ट्यांत विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. गरीब बाईच्या अंगावरचं पांघरूण म्हणून ती मजेत खपून जाते, आतल्या झग्याला मात्र ती टोचेल आणि कळ्यांना हवा तसा झोल देणार नाही. झग्याला मध्यम जाडीचं, जरा दाट झालेलं कापड शोधावं. मिळालं नाही तर पहिला झगा जाड खादीचा करावा आणि विचारणाऱ्याला तसं सांगावं. तसं सांगणं हीच या क्षेत्रातली सभ्यता मानली जाते. आतल्या लांब शिवणी यंत्रावर मारल्या, दिसणाऱ्या कडा हाताने शिवल्या, दोरा सुती आहे, रंग कारखान्यातला आहे, एवढं मोकळेपणी सांगितलं की काम चोख ठरतं. हातशिलाईचा हट्ट धरून वर्षभर एकच बाही शिवत बसलेली बाई मला फारशी आदर्श वाटत नाही. यंत्रावर शिवलेल्या झग्यातून ती मध्ययुगाबद्दल जास्त शिकली असती.

आणि सुरुवात करण्याआधी एक बाई ठरवून टाका. ‘मध्ययुग’ घालता येत नाही, ते हजार वर्षांचं आहे. 1350 च्या सुमाराची लंडनमधल्या कारागिराची बायको घालता येते, ग्रीनलंडची शेतकरीण घालता येते. एकदा ती ठरली की उरलेले प्रश्न आपोआप लहान होतात : तिला कोणती लोकर परवडेल, तिला कोणतं फर लावता येईल, ती बटणं लावेल की दोरी बांधेल. पहिल्या महिन्यात फक्त सदरा शिवा आणि तो घालून घरात एक दिवस केर काढा, पोळ्या लाटा. काख आवळत असेल तर चौकोन मोठा घ्या. मग झग्याचं कापड कापायला बसा, आणि कापताना उरलेले बारके तुकडे फेकू नका, कोपरापर्यंत बंद होणाऱ्या दोन बाह्यांना ढीगभर बटणं लागतात.